गुडघ्यांवरचा तास

मे महिना, शिरपूर. पत्र्यावर चिमणीही टेकत नाही
अशा दुपारी आम्हा सात जणींचं प्रशिक्षण.
तरन्नुम पिंजारी मॅडम धुळ्याहून एसटीनं आलेल्या,
ओल्या रुमालानं मान पुसत.
फळ्यावर काही लिहिलं नाही त्यांनी.
म्हणाल्या, बायांनो, पदर खोचा,
गुडघ्यांवर या.

झेलाबाई हसली. तिचे गुडघे तिच्या सासूहून म्हातारे.
मी म्हटलं, मॅडम, अकरा वर्षं झाली मला या बालगृहात,
डोळे बांधूनही फिरेन.
डोळे उघडेच ठेवा, त्या म्हणाल्या,
फक्त खाली या.

मग आम्ही निघालो व्हरांड्यातून
तापलेल्या फरशीवर, वरातीतून चुकलेल्या म्हशींसारख्या.
पोरी शाळेच्या गच्चीखाली बसून बघत होत्या,
त्यांना वाटलं, बायांना शिक्षा झाली.

माठ दिसला, त्याचं झाकण दिसेना.
नियमांचा तक्ता, जो मी रोज मोठ्यानं वाचते,
खालून नुसती काच. काचेत ट्यूबलाइट.
साहेबांच्या टेबलाला खालून जाळं,
जाळ्यात एक पेन्सिल.
आणि तिसऱ्या खिडकीच्या कठड्याखाली
टिकल्या.
ओळीनं चिकटवलेल्या, लाल, मरून, एक हिरवी,
कानबाईच्या रोटांना लावलेली चंद्रकोरही.
माझ्याच सगळ्या.
आंघोळीला जाताना आरशाला लावायचे, मग सापडायच्या नाहीत,
आणि मी पोरींची दप्तरं उलटी करायचे.

तेवढ्यात झेलाबाईला गुडघा सोसेना, ती उठली
आणि माझ्या शेजारून गेली.
तिच्या कमरेचा जुडगा
खण्ण करून माझ्या कानात शिरला.
तिचा चेहरा फार वर होता.
आधी किल्ल्या. मग पोट. मग कुठंतरी बाई.

जेवणात कळण्याची भाकरी नि ठेचा होता,
मी अर्धीच खाल्ली.
रात्री जुन्या लुगड्याची चिंधी फाडली,
एकेक किल्ली गुंडाळली,
कोठीची, कपाटाची, मोठ्या दाराची,
बाळंतिणीच्या बोटांना गुंडाळावं तशी.
दोन रात्री मी खोल्यांतून मांजरीसारखी फिरले,
पांघरुणं सारखी करत,
स्वतःवर खूश.

तिसऱ्या रात्री मिनका खाटेवर बसलेली.
भिंतीला पाठ, डोळे दाराला.
सात वर्षांची, सातपुड्याच्या पाड्यावरून आलेली पावरा पोर.
अहिराणी इथंच शिकली, माझ्याशी भांडता भांडता.
झोप नही उनी का, मी विचारलं.
ती म्हणाली,
तू उनी, हाई माले कसं समजी?

मी दारातच उभी.
तिच्या गावाकडे कोण न वाजता यायचं
हे मी विचारलं नाही.
फाईलमध्ये आहे. फाईल मी वाचली आहे.
पण वाचलं होतं ते दिवसा, खुर्चीत बसून.

सकाळी चिंध्या सोडल्या.
किल्ल्या उखादादाच्या खोलीत खिळ्याला टांगल्या, लागेल तेव्हा आणीन.
मग मी काय वाजवू?
बांगड्या दोनच, त्याही प्लास्टिकच्या.

मिनकानं पेटी उघडली.
फ्रॉक, कंगवा, आणि तळाशी
बकरीच्या गळ्यातलं घुंगरू, काळ्या दोऱ्यात.
बकरीचं काय झालं, ते तिनं सांगितलं नाही.
म्हणाली, हाई बांध.

मॅडमनी ठेवून गेलेल्या कागदावर
‘आपण काय शिकलात’पुढे तीन ओळी मोकळ्या होत्या.
मी नाव लिहिलं, द्रौपदा कोळी, तारीख लिहिली.
पुढचं राहिलं.

जूनमध्ये तपासणीला साहेब आले.
माझ्या कमरेकडे बघून म्हणाले, हे काय हो बाई?
झेलाबाई तोंडात पदर धरून आत पळाली.
मी म्हटलं, रात्रपाळीचं आहे, काढायचं विसरले.
त्यांनी रजिस्टर मागितलं.
आणायला गेले,
तर आतल्या खोलीत, न बघताच,
कुणीतरी म्हणालं, उनी.